घरसंसार : मोतिया, सायीचा की बदामी?



पाऊस उघडला की आपल्या वस्त्यांतून रंगाचा वास येऊ लागतो. कुणाला धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी घर उजळायचे असते, कुणी १४ एप्रिलच्या जयंतीपर्यंत थांबतो, कुणाच्या घरी मंगल परिणय ठरलेला असतो. मुंबईत तर जुन्या चाळींतून नव्या इमारतींत जाणाऱ्या कुटुंबांची त्यात भर पडली आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आपल्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोठे घर मिळाले की भिंतीही वाढतात आणि भिंतींबरोबर रंगाचा प्रश्नही वाढतो.

हा प्रश्न वरून फार साधा दिसतो. भडक निळा किंवा पोपटी रंग आता कुणाला नको असतो. सगळ्यांचे एकमत असते की रंग फिकट हवा, पांढऱ्याच्या जवळचा हवा, पण दवाखान्यासारखा पांढराफटक नको. इथपर्यंत घरात शांतता असते. मग पेंटर शेड कार्ड आणून देतो आणि त्यावर एकाखाली एक दहा-बारा पट्ट्या निघतात. मोतिया, सायीचा, हस्तिदंती, बदामी, क्रीम, ऑफ व्हाइट. सगळ्या सारख्याच दिसतात आणि तरी प्रत्येकाचे बोट वेगळ्या पट्टीवर पडते. मुलगा म्हणतो ही, सासूबाई म्हणतात ती, दीर सांगतो साहेबांच्या घरी पाहिलेली तिसरीच. शेवटी दुकानदार जी सांगेल ती घेतली जाते. पंधरा दिवसांनी घर पिवळे धमक नाहीतर मळकट दिसू लागते आणि पुढची सहा-सात वर्षे ते तसेच पाहावे लागते. बोनसचे, भिशीचे किंवा पतपेढीतून काढलेले पैसे एकदाच खर्च होतात. आपल्यासारख्यांना पुन्हा रंग काढणे परवडत नाही. म्हणून या आठवड्यात या पट्ट्यांविषयी.

आजीच्या हातचा ऑफ व्हाइट

हा रंग आपल्याला नवा नाही. गावकुसाबाहेरच्या आपल्या घरांना रंगाचे डबे माहीत नव्हते, पण आपल्या आज्या पांढऱ्या मातीचा पोतेरा भिंतीवर असा फिरवत की अंधाऱ्या घरातही चेहरे दिसत. ती माती कधीच निव्वळ पांढरी नसे. तिच्यात थोडी पिवळसर, थोडी राखाडी झाक असे. आजच्या शेड कार्डावर जिला ऑफ व्हाइट म्हणतात, ती तीच झाक. पुढे चुना आला. चुन्याचा पिवळेपणा मारायला त्यात नीळ घालत आणि ऊब हवी असेल तर चिमूटभर पिवडी. नीळ घातली की भिंत थंड दिसे, पिवडी घातली की उबदार. रंगाच्या कंपन्यांनी पुढे शेकडो नावे काढली, पण मूळ गोष्ट अजून तीच आहे. पांढऱ्यात काय मिसळले आहे, एवढेच ओळखायचे.

पट्टीतली झाक कशी ओळखायची?

फिकट उबदार रंगांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पांढऱ्यात पिवळा अधिक असेल तर तो सायीकडे किंवा लोण्याकडे जातो. पिवळ्याबरोबर तांबड्याचा थेंब असेल तर तो गुलाबी किंवा पीचकडे झुकतो. पिवळ्यात हिरव्याची छटा असेल तर तो लिंबाच्या सालीसारखा दिसतो. आणि काळ्याचा थेंब असेल तर तो विटकरीपणा न येता बदामी किंवा राखाडीकडे वळतो. जो पेंटर डब्यात स्टेनर टाकून हाताने शेड बनवतो, त्याला हे पाठ असते. यलो ऑकर किती आणि काळा किती, यावरच त्याची सगळी करामत असते.

ही झाक नुसत्या पट्टीकडे पाहून कळत नाही. पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवल्या की डोळे फसतात. त्यासाठी मुलांच्या वहीचा, रेघा नसलेला एक पांढरा कागद घ्या आणि पट्टी त्यावर ठेवा. जी आतापर्यंत पांढरी वाटत होती, ती एकदम पिवळी किंवा गुलाबी दिसू लागेल. दुसरी युक्ती अशी की, बऱ्याच कार्डांवर एकाच कुळातल्या शेड वरून खाली गडद होत जातात. सर्वांत खालची गडद शेड पाहा. ती मोहरीसारखी असेल तर वरची फिकट शेड पिवळ्या झाकेची. ती विटेसारखी असेल तर गुलाबी झाकेची. ती मातकट असेल तर बदामी.

आणखी एक लक्षात ठेवा. कार्डावरची पट्टी दोन बोटांची असते आणि घराच्या भिंती चार असतात. एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो, दुसरीचा तिसरीवर, आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक पिवळा होतो. म्हणून पट्टीवर जेमतेम जाणवणारा मोतिया रंग खोलीभर झाला की चांगलाच पिवळा दिसतो. दोन शेडमध्ये मन अडकले असेल तर फिकट असलेली घ्यावी.

दिशेला महत्त्व आहे, पण सूर्यामुळे

घराच्या दिशेप्रमाणे रंग सांगणारे हल्ली बरेच झाले आहेत. अमुक दिशेला अमुक रंग लावला की लक्ष्मी येते, अमुक लावला की आजारपण येते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या घेतलेल्या घरांनी अशा सल्ल्याला पैसे देऊ नयेत. दिशेला महत्त्व आहेच, पण ते उजेडामुळे आहे.

खिडकी उत्तरेला असेल तर वर्षाचे बरेच महिने तिच्यातून थेट ऊन येत नाही. आकाशाचा निळसर, थंड उजेड येतो. अशा खोलीत राखाडी झाकेचा ऑफ व्हाइट उदास दिसतो आणि तिथे सायीची पिवळसर झाक चांगली खुलते. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळचे तांबूस ऊन भरभरून येते. तिथे पिवळा आणखी पिवळा होतो, म्हणून बदामीकडे झुकणारी शेड बरी. पूर्वेची खोली सकाळी उबदार आणि दुपारनंतर थंड असते. ती खोली तुम्ही कोणत्या वेळी जास्त वापरता, त्या वेळी रंग पाहावा.

पण आपल्यापैकी कितीजणांच्या खिडकीत मोकळे आकाश असते? समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असते, खाली निळी ताडपत्री असते, कुठे पिंपळ किंवा बदामाचे झाड असते. त्यांचा रंग उजेडाबरोबर घरात येतो. पानांवरून आलेल्या उजेडात पिवळ्या झाकेचा रंग हिरवट दिसतो. जमिनीचेही तसेच. लाल कोबा भिंतीच्या खालच्या भागावर गुलाबी छाया टाकतो, शहाबादी फरशी करडी आणि कोट्याची फरशी हिरवट. फरशी बदलता येत नाही, तेव्हा भिंतीचा रंग तिच्याकडे पाहून ठरवावा.

संध्याकाळनंतरचा उजेड तर दिव्याचाच. पूर्वी पिवळ्या बल्बखाली सगळे रंग उबदार दिसत. आता बहुतेक घरांत पांढऱ्या उजेडाची एल.ई.डी. ट्यूब असते. तिच्या खोक्यावर ६५०० के असे लिहिलेले असते. हा उजेड निळसर असतो आणि त्याच्याखाली लिंबाच्या झाकेची शेड आजारी दिसते. ३००० के लिहिलेला दिवा पिवळसर असतो आणि ४००० के मधला. दिवसा एकसारख्या वाटणाऱ्या दोन शेड ट्यूबखाली अगदी वेगळ्या दिसतात. कामावरून रात्री आठला परतणाऱ्या माणसाचे घर ट्यूबखालचेच असते. त्यासाठी दुकानातल्या झगमगाटात पसंत केलेला रंग काय कामाचा?

आधी पडताळा, मग माना

केसपुत्त नगरातल्या कालाम लोकांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. परंपरेने आले म्हणून, कुणी मोठ्याने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पडताळून पाहा, असे त्याचे सार. धम्म ज्यांना हे शिकवतो, त्यांनी भिंतीच्या रंगाबाबत दुकानदाराच्या शब्दावर का विसंबावे?

पडताळणी सोपी आहे. ज्या दोन-तीन शेडवर घरात वाद आहे, त्यांचे सर्वांत लहान डबे आणा. काही कंपन्यांचे नमुन्याचे छोटे डबे मिळतात. जुन्या रंगावर थेट लावू नका, कारण खालचा रंग वर दिसतो. एक पांढरा पुठ्ठा घ्या, दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद. त्यावर दोन हात मारा आणि नीट वाळू द्या. प्रत्येक शेडचा एक पुठ्ठा करा आणि मागे नाव लिहा. मग ते एकेक करून खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीशेजारच्या काळोख्या कोपऱ्यात आणि स्वयंपाकाच्या ओट्यामागे लावून पाहा. सकाळी पाहा, भर दुपारी पाहा, रात्री ट्यूब लावून पाहा. तीन दिवस असे केले की वाद आपोआप मिटतो, कारण एखादी शेड एका वेळी तरी नकोशी होतेच.

ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नका. चुना आणि डिस्टेंपर ओले असताना गडद दिसतात आणि वाळले की फिकट होतात. इमल्शनचे, ज्याला आपण प्लास्टिक पेंट म्हणतो, उलट असते. ते वाळल्यावर किंचित गडद होते. पहिल्या हाताला घाबरून पेंटरला थांबवणारे पुष्कळ असतात. त्यांनी एक दिवस धीर धरावा.

भिंत कोण पाहते?

आता मुख्य मुद्दा. पुठ्ठे लावल्यावर शेवटचा शब्द कुणाचा असावा? आमचे मत स्पष्ट आहे. जो त्या खोलीत जास्त तास घालवतो, त्याचा. घराचा पैसा कुणीही आणो, ओट्यासमोरची भिंत दिवसाचे पाच-सहा तास पाहते ती घरातली स्त्री. तिच्यावर उडालेली फोडणी तीच पुसते. तरी अनेक घरांत पुरुष आणि पेंटर रंग ठरवतात आणि तिला डबा उघडल्यावर कळते. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आयाबहिणींशी वेगळे बोलून स्वच्छ आणि नीटनेटके राहण्याविषयी सांगितले, ते त्यांना घराचा आणि समाजाचा निम्मा भार वाहणाऱ्या मानून. त्याच्या आठवणी सभेत सांगायच्या आणि घरी तिला विचारायचेही नाही, हे शोभत नाही.

दुसरा विचार शिकणाऱ्या मुलांचा. एका खिडकीच्या खोलीत पुस्तकावर पडणारा बराच उजेड भिंतींवरून येतो. स्वच्छ पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांहून अधिक परत फेकते, फिकट सायीची साधारण ७० ते ८० टक्के, आणि गडद रंग निम्म्याहून कितीतरी कमी. मुलगी दहावीला असेल आणि अभ्यासाचा कोपरा खिडकीपासून लांब असेल, तर त्या भिंतीला सर्वांत फिकट शेड द्या आणि छत पांढरेच ठेवा. एवढ्याने दुसऱ्या ट्यूबचा खर्च वाचू शकतो.

तिसरा विचार म्हाताऱ्या माणसांचा. वय वाढले की डोळ्यांतले भिंग पिवळसर होते आणि मोतीबिंदूने तर अधिकच. मोतिया आणि सायी यांतला फरक आजीला दिसणारच नाही. तिला हवी असते वेगळी दिसणारी कड. सगळ्या घरात एकच फिकट रंग असेल तर दाराची चौकट, उंबरा आणि स्विचबोर्डाभोवतीची जागा गडद ठेवा. तपकिरी चौकटीमुळे ती रात्री न ठेचकाळता मोरीपर्यंत जाईल.

वंदनेची भिंत

आपल्या प्रत्येक घरात एक भिंत अशी असते जिच्यावर तथागतांची प्रतिमा आणि बाबासाहेबांचा फोटो असतो. पाहुणा आला की त्याची नजर आधी तिथे जाते. बाबासाहेबांचा निळा कोट आणि पंचशील ध्वजाचे रंग सायीच्या किंवा मोतिया भिंतीवर चांगले उठून दिसतात. गुलाबी झाकेवर तोच निळा थोडा मळका वाटतो. दीक्षेच्या दिवशी बाबासाहेब स्वतः शुभ्र वस्त्रांत होते आणि लाखो लोक पांढरी वस्त्रे लेवून आले होते. म्हणून ही एक भिंत शुभ्र ठेवावी असे काहींना वाटते. ती भावना आम्हाला मान्य आहे. मात्र मेणबत्ती आणि अगरबत्तीची काजळी पांढऱ्यावर चार महिन्यांत दिसू लागते. या भिंतीला पुसता येणारे इमल्शन द्या आणि मेणबत्ती भिंतीपासून हातभर पुढे ठेवा.

हिशेब आणि माल

दहा फूट रुंद, सोळा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली धरा. चारही भिंतींची लांबी मिळून ५२ फूट, म्हणजे ५२० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चे दार आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की ४८३ चौरस फूट उरतात. तयार केलेल्या भिंतीवर साध्या इमल्शनचा एक लिटर दोन हात मारून साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो. १२० धरले तर चार लिटर लागतात. डब्यावर छापलेला आकडा पाहून हाच हिशेब स्वतः करा, म्हणजे कुणी आठ लिटर सांगितले तर विचारता येईल. सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या. डबे दोन असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. हाताने बनवलेली शेड पुन्हा हुबेहूब जमत नाही. अर्धा लिटर झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा आणि शेडचा नंबर फोटोच्या फ्रेममागे लिहून ठेवा.

पैसा कमी असेल तर बैठकीला आणि आतल्या खोलीला डिस्टेंपर आणि स्वयंपाकघराला इमल्शन, अशी विभागणी करता येते. पण एकच शेड दोन मालांत थोडी वेगळी दिसते, म्हणून जोड कोपऱ्यातच घ्यावा. चकचकीत रंग पुसायला सोपा, पण भिंतीचे खड्डे उघडे पाडतो. जुन्या चाळीच्या ओबडधोबड भिंतीला मॅट बरा. भिंतीला ओल असेल तर आधी तिचे मूळ शोधा. कोणताही मोतिया ओलीचा डाग झाकत नाही. नव्या प्लास्टरला निदान चार आठवडे वाळू दिल्याशिवाय हात लावू नका.

एक सूचना कळकळीची. जुन्या दारांवर आणि खिडक्यांवर ऑइल पेंटचे थर असतात आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये आणि हे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे थर कोरडे घासले की ती भुकटी लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. म्हणून पाण्याने भिजवून घासा, मुलांना आणि गरोदर स्त्रीला त्या दिवशी शेजारी पाठवा, फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्या. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचा.

पेंटरलाही मास्क द्या. लांबी घासणारा तो माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. पुट्टीची धूळ वर्षानुवर्षे त्याच्या छातीत साचते. त्याची मजुरी ठरल्या दिवशी द्या आणि शेडविषयी त्याचे मत जरूर विचारा. शंभर घरे रंगवलेल्या डोळ्यांना पुष्कळ कळते.

इतके करूनही दोन पुठ्ठे अगदी तुल्यबळ ठरले तर आमचा सल्ला असा. खोली थंड उजेडाची असेल तर सायीचा, ऊन भरपूर असेल तर बदामीकडे झुकणारा, आणि काहीच ठरत नसेल तर त्यातला फिकट मोतिया. मग पुन्हा कार्ड उघडू नका.

पुढच्या आठवड्यात भिंतीच्या ओलीविषयी. तोवर आपले अनुभव जरूर कळवा. जयभीम, नमो बुद्धाय!